मॅगझिन काढलेलं पिस्तूल

फौजेतून पेन्शनवर आलो आणि बहरीनला गेलो, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. अस्करजवळच्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर होतो. पास तपासायचे, ट्रकवाल्यांशी हुज्जत घालायची, शिफ्ट संपली की रूमवर. त्याआधी मी पायदळाच्या पलटणीत आर्मरर हवालदार होतो, म्हणजे हत्यारं तपासणारा आणि दुरुस्त करणारा. हे मी फक्त हमीदभाईला सांगितलं होतं. पण हमीदभाईला सांगितलं म्हणजे दवंडीच पिटली.

हमीदभाई श्रीवर्धनचा. तुबलीतल्या एका गॅरेजात स्टोअरकीपर होता. एका दुपारी त्याचा फोन आला.

"हवालदारसाहेब, आमचे अरबाब जुनं पिस्तूल घेतायत. शौक आहे. परवाना आहे. तुम्ही बघून सांगा, अस्सल आहे की जोडलेलं."

"बघून सांगायला ते कलिंगड आहे का? हातात घ्यावं लागतं."

"मग घ्या की हातात! चहा पण मिळेल."

गॅरेजच्या ऑफिसात चौघं बसलो. अरबाब म्हणजे गॅरेजचा मालक. वयस्क, कमी बोलणारा माणूस. विकणारा त्याच्या ओळखीचा व्यापारी होता आणि पिस्तूल त्याच्या वडिलांचं. समोरच्या खुर्चीत हमीदभाई चहा फुंकत बसला होता.

व्यापाऱ्याने फडकं उलगडलं. जुनं नऊ एमएम, सेमी-ऑटोमॅटिक. आमच्या पलटणीत अधिकाऱ्यांकडे असायचं त्याच घराण्यातलं. खरं सांगतो, बघून बरं वाटलं. जुना सोबती भेटल्यासारखं.

त्याने मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं. "खलास. गोली मफी," म्हणाला, म्हणजे गोळी नाही. मग गल्फच्या हिंदीत म्हणाला, "ये असली है. मैगज़ीन निकालो, तो चलता नहीं. देखो!"

हे त्याने खोटं सांगितलं नव्हतं. या जातीच्या पिस्तुलात एक छोटा सेफ्टीचा भाग असतो. मॅगझिन बाहेर असलं की ट्रिगर दाबूनही मागचा घोडा पडत नाही, म्हणजे गोळी सुटत नाही. तेच दाखवायला त्याने पिस्तूल सरळ समोर धरलं. समोर हमीदभाई.

"रुको!"

माझा आवाज परेड ग्राउंडवरचा निघाला. त्याचं मनगट धरून मी नळी वर केली. चहा सांडला. पिस्तूल त्याच्या हातातून काढून घेतलं आणि स्लाइड मागे ओढली.

चेंबरमधून एक जिवंत गोळी गालिच्यावर पडली.

मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये, बसलेली राहू शकते, हे कोणी त्या व्यापाऱ्याला सांगितलंच नव्हतं. तो मात्र अजून मान हलवत होता. "पण चाललं नसतं. मॅगझिन नव्हतं ना."

मी चेंबर पुन्हा बघितलं, बोट घालून चाचपलं. कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडे नळी धरली आणि ट्रिगर दाबला.

टक्. घोडा पडला.

पूर्वी कोणीतरी ट्रिगर हलका करायला तो सेफ्टीचा भाग काढून टाकला होता. बाहेरून काही दिसत नाही. नंबरही ताडून पाहिले. बॉडी आणि स्लाइड एकाच नंबरची, नळी भलत्याच पिस्तुलाची.

"अस्सल नाही. घेऊ नका," मी अरबाबला म्हणालो.

अरबाबने गालिच्यावरची गोळी बघितली, मग हमीदभाईकडे बघितलं. "खलास," म्हणाला आणि व्यापाऱ्याला वाटेला लावलं.

मला सोडायला निघालेल्या हमीदभाईने तुबलीच्या खाडीजवळ गाडी बाजूला घेतली. "तुम्हाला कसं कळलं?"

"दत्तूमुळे," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

नायक दत्तू जगताप माझा जोडीदार. काश्मीरमध्ये एका कारवाईत पकडलेलं असंच पिस्तूल आमच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, तपासायला आलं. दत्तूला ही जात पाठ होती. मॅगझिन काढलं आणि निर्धास्त होऊन, नळी स्वतःकडे असतानाच, ट्रिगर दाबला. त्यातलाही तो भाग कोणीतरी काढलेला होता. गोळी पोटात गेली. धुक्यामुळे हेलिकॉप्टर आलं नाही. गाडीत माझ्या मांडीवर गेला. शेवटी एवढंच म्हणाला, "हवालदार, चेंबर." माझा फार जीव होता त्याच्यावर. कागदोपत्री अपघात ठरला, म्हणून पलटणीच्या स्मारकावर त्याचं नाव नाही. दुश्मनाच्या गोळीने गेला नाही ना!

हमीदभाईने गाडी परत सुरू केली. मग म्हणाला, "पूर्ण नाव सांगा, गावासकट. जुम्म्याला दुआ मागेन."

"तुमच्या मौलवींना चालेल?"

"मौलवींच्या छातीवर नव्हतं रोखलेलं."

मी बहरीन सोडेपर्यंत तो दर शुक्रवारी मशिदीत ते नाव घेत होता. नायक दत्तू जगताप, मुक्काम पाटण.