उरलेली चिठ्ठी माझी

सुधाकरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवर सडक अर्जुनीच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. महिन्याचा दुसरा गुरुवार, म्हणजे आम्हा पाळकांच्या बैठकीचा दिवस, आणि या खेपेला बैठक भाऊंच्याच घरी होती. फोन विलासचा होता, आमच्यातल्याच एका पाळकाचा. "पास्टर, भाऊ राहिले नाई," एवढंच तो बोलला. गाडी आली, मी चढलो, खिडकीपाशी जागाही मिळाली. बैठकीला निघालेला माणूस आता मातीला चालला होता, पण पिशवीत बैठकीचंच सामान होतं. बायबल, चष्मा आणि भाऊंना आवडतात म्हणून बायकोने करून दिलेले लाखोरीच्या डाळीचे वडे. ते वडे पुढे कोणी खाल्ले, मला आठवत नाही.

भाऊंचं हायवेलगत मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. पंचक्रोशीतल्या धानाच्या बांध्यांना पाणी देणाऱ्या मोटारी जळल्या की त्यांच्याकडे यायच्या. दुकानामागच्या खोलीत रविवारी उपासना चालायची, तीसेक माणसांची मंडळी. स्वतःला ते आधी मिस्त्री म्हणायचे आणि मग पास्टर. उपदेश बेताचाच करायचे, हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलेलं आहे. आवाज खाली, वाक्य अर्धं सोडून द्यायची सवय. मोठ्या पटांगणात सभा घेणाऱ्यांपुढे हा माणूस कोणाच्या खिजगणतीत नव्हता. मात्र जिल्ह्यातल्या आम्हा नऊ पाळकांना एकमेकांच्या घराची वाट त्यांनी दाखवली.

त्याआधी आम्ही एकमेकांना ओळखत होतो ते फक्त तक्रारींपुरते. जुन्या मिशनच्या चर्चवाल्यांना घरात उपासना घेणारे हलके वाटायचे, घरवाल्यांना चर्चवाले थंडगार वाटायचे आणि गोंदियाच्या हिंदी मंडळीला आम्ही सगळेच खेडवळ वाटायचो. अशात एका खेड्यातला पाळक वारला आणि त्याला माती द्यायला दुसरा पाळक मिळेना. घरच्यांकडे कोणाचा नंबरच नव्हता. शेवटी त्यांच्या पडोसातला एक शेतकरी मोटार घ्यायला भाऊंच्या दुकानात आला, त्याच्या तोंडून कळलं आणि भाऊ हातातलं काम टाकून गेले. त्यानंतरच्या महिन्यात ते आपल्या मोटरसायकलवर आम्हा आठही जणांच्या दारात येऊन गेले. मला म्हणाले होते, "आपण मेल्यावर कोन येईन, हे जितेपनी पाहून ठेवलं पायजे."

पहिल्या बैठकीला ते एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन आले. आत चिठ्ठ्या होत्या, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेल्या, प्रत्येकीवर एका पाळकाचं नाव. नियम त्यांनीच सांगितला. बैठकीत कोणी आपल्या मंडळीबद्दल बोलायचं नाही, कारण पाळक स्वतःबद्दल बोलायला लागला की सगळंच वाढतं. ज्याचं नाव निघेल त्याच्या घरी महिनाभरात जायचं, तिथे बसून जेवायचं आणि पुढच्या बैठकीत त्याचा अहवाल द्यायचा. घरी कसं आहे, कशासाठी प्रार्थना करायची, एवढंच. स्वतःचं नाव निघालं तर परत डब्यात टाकायचं. बैठक उठली की सगळ्या चिठ्ठ्या परत डब्यात. आम्ही आठ जण आपापली चिठ्ठी काढायचो, भाऊ सर्वांत शेवटी डब्यात हात घालायचे, मूठ तशीच शर्टाच्या खिशात घालायचे आणि म्हणायचे, "उरलेली माझी."

आता माझं पाप सांगतो. विलास हा माझ्याहून बराच लहान, अर्जुनीपासून पाच-सहा कोसांवर पत्र्याच्या शेडमध्ये उपासना घेणारा पाळक. कीबोर्ड, ढोलक, दोन-दोन तास गाणी. माझ्या मंडळीतली चार घरं त्याच्याकडे गेली होती, त्यातलं एक माझ्या साडूचं. राग माझ्या नाकावरच असतो, त्यात हे. डब्यातून त्याची चिठ्ठी माझ्या हातात आली तेव्हा मी ती वाचून चुरगाळली. महिनाभर गेलो नाही. बैठकीच्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा उभा राहिलो आणि बिनदिक्कत सांगितलं की परवाच विलासच्या घरी जाऊन आलो, सगळं ठीक आहे, प्रेमाने बसवलं, वांग्याची भाजी आणि भात जेवलो, भाजी फार चांगली होती. विलास माझ्यासमोर सतरंजीवर बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, घाबरला. भाऊ त्या दिवशी म्हणाले, माझा अहवाल पुढच्या वेळी देतो, आणि बैठक आटोपली.

निघताना त्यांनी मला मोटरसायकलवर मागे बसवलं. मला वाटलं स्टँडवर सोडतील. रस्त्याला लागल्यावर मागे न पाहता त्यांनी विचारलं, "भाजी कोनं रांधली होती?" मी म्हटलं, त्याच्या बायकोने, आणखी कोणी. त्यावर ते म्हणाले, "त्याची बायको बारा दिसापासून गोंदियाच्या दवाखान्यात हाये. चूल बंद हाये त्या घरची. तू कोनाच्या घरी जेवून आला?"

तोंडात मारल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला पश्चात्तापापेक्षा पकडलो गेल्याची चीडच जास्त होती. भाऊंनी गाडी गोंदियाच्या रस्त्याला वळवली. दवाखान्यात विलास आमच्या आधी पोहोचला होता, बायकोच्या खाटेशी बसून संत्रं सोलत होता. मी त्याच्यापुढे हात जोडले. काय बोललो ते लिहीत नाही, पाळकाला शोभण्यासारखं ते धड वाक्यही नव्हतं. बैठकीत उठून खरं का सांगितलं नाही, असं मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुमी सगळ्याइसमोर माह्या बायकोच्या भाजीचं नाव काढलं. तिले किती दिसापासून कोनी चांगलं म्हटलं नव्हतं. मंग मी कायले बोलू?" त्याची बायको हे ऐकून हसली आणि मला अगदी रडू फुटलं. भाऊ बाहेर जाऊन चहा घेऊन आले.

ती चार घरं विलासकडेच राहिली, आणि पुढे मला त्याचं वाईट वाटेनासं झालं. विलासच्या बायकोला उतार पडला. मी पडून पायाला प्लास्टर लागलं तेव्हा दोन रविवार विलासने आमच्याकडे येऊन उपासना घेतली, कीबोर्डशिवाय. गोंदियाचे पास्टर आमच्याकडे जेवायला आले की "ये झुणका तो बढ़िया है" म्हणत दुसऱ्यांदा भाकर मागायला लागले. बैठकीत कधी कधी एकाच पाळकाचे दोन अहवाल व्हायचे, एक चिठ्ठी निघाली त्याचा आणि एक भाऊंचा. आम्हाला वाटायचं, भाऊंना राहवत नाही, चिठ्ठी एकाची आणि हिंडतात सगळीकडे. कोणी त्यावर जास्त विचार केला नाही.

मातीला सडक अर्जुनीत उभं राहायला जागा नव्हती. आम्ही आठही पाळक होतोच, पण निम्मी गर्दी मोटारी दुरुस्त करून नेलेल्या शेतकऱ्यांची. खांदा द्यायला शेजारची बौद्ध मंडळी आमच्याआधी पुढे झाली. विधी मी आणि विलासने मिळून केला. सगळं आटोपल्यावर वहिनी म्हणाल्या, भाऊंची मूत्रपिंडं आठ महिन्यांपासून गेली होती, दर सोमवारी डायलिसिसला नागपूरला जायचे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आठ महिने! त्यातल्या आठही बैठकांना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, वहिनी, आम्हाला सांगायचं तरी. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या. म्हणाल्या, "तुमी कोनी इचारलं का त्याइले?"

मग त्यांनी दुकानातल्या फळीवरून तो डबा काढून माझ्या हातात दिला. घरी आल्यावर मी तो उघडला, भाऊंची चिठ्ठी वेगळी काढून बायबलमध्ये ठेवावी म्हणून. चिठ्ठ्या ओतल्या, मोजल्या. आठ. पुन्हा मोजल्या. आम्हा आठ जणांची नावं होती, भाऊंचं नव्हतंच. म्हणजे आम्ही आपापली चिठ्ठी काढल्यावर डबा रिकामा व्हायचा, आणि भाऊ रिकाम्या डब्यात हात घालून उरलेली माझी म्हणायचे... वर्षानुवर्षं. एकाही बैठकीत त्यांच्या घरचा अहवाल झाला नाही आणि आम्हा आठ शहाण्यांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही. त्यांनी का केलं असं? मला वाटतं, एकाही पाळकाशी बांधून न घेता ज्याला गरज असेल त्याच्याकडे जाता यावं म्हणून. पण हे त्यांचं चुकलंच, हे मी इथे लिहून ठेवतो. आणि आमचं त्याहून जास्त चुकलं. मी दिवाणावर पडलेली जुनी लग्नपत्रिका घेतली, पाठ कापली, त्यावर सुधाकर असं नाव लिहिलं आणि डब्यात टाकलं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या गुरुवारी आम्ही विलासच्या शेडमध्ये बसलो. आठ माणसं, नऊ चिठ्ठ्या. सगळ्यांनी एकेक काढली, मीही काढली. डब्यात एक राहिली आणि सगळे तिच्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, उरलेली माझी. उघडली तर माझंच अक्षर.

परवा जाऊन आलो. दुकानाचं शटर अर्धं वर होतं, आत तांब्याच्या तारेची रिळं जशीच्या तशी. वहिनींना विचारलं, घरी कसं आहे. त्या तासभर बोलल्या. झोप लागत नाही, गुडघा धरतो, सोमवार आला की अजून पहाटे उठून डबा भरायला लागतात. मी ऐकत राहिलो, मध्ये उपदेश केला नाही. मग त्यांनी ताट वाढलं. भात आणि वांग्याची भाजी. मी ताटाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. न विचारता गप्प बसायची माझी जुनी खोड आहे, पण या वेळी विचारलं, भाऊंनी तुम्हाला सांगितलं होतं का, त्या भाजीचं?

"तवाच सांगतलं होतं," वहिनी म्हणाल्या. "गरम हाये तवर जेवून घ्या."

मी दोनदा भात घेतला. येत्या गुरुवारी अहवालात हे सगळं सांगायचं आहे, भाजीसकट.