मोगऱ्याच्या डब्यातलं मीठ

दुष्काळाच्या वर्षी आमच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि मचूळ झालं. प्यायला टँकरचं गोडं पाणी यायचं, ते रांजणात झाकून ठेवायचं. बाकी सगळं विहिरीवर. माझा मोगराही.

मोगरा आईचा. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी तिने परसातल्या झाडाची मुळं धरलेली फांदी मला दिली होती. पुढे माहेरी गोठा वाढवताना मूळ झाड निघालं. उरला तो माझ्या दारातला, तेलाच्या डब्यात लावलेला.

डब्याला खाली भोक होतं. पाणी घातलं की थोडं खालून निघायचं. सासूबाई म्हणाल्या, "मानसं घोटाघोटाला महाग, आन तू जमिनीला पानी पाजतीस व्हय?" मालकांना माझी दया आली असावी. त्यांनी भोकात चिंधीचा बोळा ठोकला. "आता थेंब जायचा न्हाई," म्हणाले. मला बरं वाटलं. मी रोज वाटीभर मचूळ पाणी घालत राहिले. मातीवर पांढरी साय धरली, पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं झाड तहानलेलं आहे, म्हणून आणखी घातलं.

वडील माहेराहून, बेलापूरकडून, भेटायला आले. तिकडे कालव्याकाठची जमीन खारवताना त्यांनी पाहिली होती. त्यांनी डब्यातली चिमूटभर माती जिभेला लावली.

"पोरी, ह्याला तहान न्हाई. मीठ चढलंय. बोळा काढ, आन गोडं पानी वरनं सोड, खालनं चांगलं वाहूस्तोवर. दोन-तीन घागरी तरी लागत्यान."

मग त्यांची नजर रांजणाकडे गेली.

सासूबाईंकडे मी कधी काही मागितलं नव्हतं. वडील परत गेल्यावर मागितलं. त्या रेशनची मिलो, ती तांबडी परदेशी ज्वारी, निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एक घागर घे. दुसरी मागायची न्हाई. आन खालचं सांडू नको, भांड्यांला व्हईल."

बोळा काढून, खाली घमेलं ठेवून मी हळूहळू ओतलं. तांबूस पाणी निघालं. वाळल्यावर घमेल्याला पांढरं कडं राहिलं. तेवढ्याने भागलं नाही. उरलेली पानं गळाली, काड्या वाळल्या. सासूबाईंनी त्यावर टोमणा मारला नाही, तेव्हा मला जास्त रडू आलं.

पुढच्या साली पाऊस झाल्यावर वडील पुन्हा आले. डबा तिथेच होता, नुसत्या मातीचा. त्यांनी पाणी मागितलं, अर्धा तांब्या प्यायले आणि उरलेलं सवयीने त्या डब्यात ओतलं. ते खालच्या भोकातून निघालं आणि अंगणात ओघळ गेला. माती सगळं पिईपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो.