आमी एकटेच होतो

माझ्या मावसभावाएवढा तयार गडी लष्कराला मिळाला नाही हे लष्कराचं दुर्दैव, आणि त्याला माझा हात लागला हे माझं. अधिकारी व्हायचं हे त्यानं नववीतच ठरवलं आणि तेव्हापासून घराची पार छावणी करून टाकली. पाठीवर तुरीचं पोतं बांधून हा हैदराबाद रस्त्यानं पळायचा. इंग्रजी सुधारावं म्हणून म्हशीची धार काढताना तिला इंग्रजी बातम्या म्हणून दाखवायचा. म्हैस त्यापायीच आटली, असं मावशी अजून म्हणते. बहिणीच्या लग्नात तर यानं वाढप्यांच्या दोन तुकड्या पाडल्या आणि जिलेबीच्या आधी भाताला निघायचा हुकूम दिला. व्याही रुसले, पण पंगत वेळेत उठली.

लेखी परीक्षा तो दर वेळी पास व्हायचा. पाच दिवसांच्या मुलाखतीत मात्र घोडं अडायचं. त्यांच्या घरात स्वतःला ‘मी’ म्हणणं उद्धटपणाचं. एकट्यानं विहीर उपसली तरी ‘आमी उपसली’, आणि इंग्रजीतही तेच. दोनदा परत आल्यावर गावातल्या एका निवृत्त सुभेदारांनी त्याला समजावलं, की तिथं तू काय केलंस ते विचारतात, गावानं काय केलं ते नाही. मग बिचाऱ्यानं तीन महिने घासून ‘आय’ म्हणायची सवय लावली. प्रत्येक ‘आय’ला त्याचे कान लाल व्हायचे.

तिसरी खेप शेवटची होती, पुढं वय बसत नव्हतं. निघण्याआधी तो धाराशिवला माझ्याकडं आला, कारण मी इंग्रजीचा मास्तर. स्वतःबद्दल लिहिलेली चार पानं पुढं ठेवली. उमरग्याजवळ ट्रक उलटला तेव्हा यानं काच फोडून ड्रायव्हरला बाहेर ओढलं होतं, ती हकीकत त्यात होती. ओळीओळीला ‘आय’. मला काय अवदसा आठवली कोण जाणे! इतका मीपणा बरा दिसत नाही म्हणत मी लाल पेननं एकूणएक ‘आय’चे ‘वुई’ करून दिले. त्यानं चाचरत सुभेदारांचं नाव काढलं, तर वर ऐकवलं, की इंग्रजी त्यांना जास्त कळतं की मला? थोरल्या भावापुढं तो काय बोलणार! “बरं दादा,” म्हणाला आणि पानं घडी करून खिशात ठेवली.

परत आल्यावर त्यानंच हसत हसत सांगितलं. साहेबांनी विचारलं, ड्रायव्हरला काढायला तुम्ही किती जण होतात? हा ताठ बसून म्हणाला, “वुई वेअर अलोन, सर.” साहेब हसले म्हणे. मीही पोट धरून हसलो. मग निकालाचं विचारलं, तर तो खाली बघायला लागला.

“तुमी लई मेहनत घेतली, दादा,” तो म्हणाला. “मीच कमी पडलो.”

चूक माझी होती, हे तिथंच सांगायला हवं होतं. मी आत वळून चहा टाकायला सांगितलं. आता तो उमरग्यात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. भेटला की गिऱ्हाईक सोडून येतो, भर बाजारात वाकून माझ्या पाया पडतो, आणि मी पडू देतो.