चिपाडावरचा बर्फ

मला बर्फावर पळायला शिकवलं ते गंगाक्कांनी. आणि गंगाक्कांनी जन्मात बर्फ पाहिला होता तो फक्त लग्नाच्या मांडवात, सरबतासाठी आणलेल्या लादीचा. हे मी इथं डोंगरात कुणालाही सांगितलं की लोक हसतात. मी हसत नाही. आज माझ्या ताटात जे पडतं ते त्या बाईच्या चिपाडातून आलेलं आहे. हे आधी सांगतो, पुढचं मग.

हातकणंगल्याजवळच्या एका गावात त्यांचं गुऱ्हाळ होतं. नवऱ्याच्या मागं त्या एकट्याच ते चालवायच्या. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, पदर कमरेला खोचलेला आणि आवाज असा, की उसाचा चरक सुरू असतानाही शेवटच्या बांधापर्यंत जावा. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं राग आला की कानडी आणि माया आली की पण कानडी. गुऱ्हाळात कुणी चप्पल घालून आलं की संपलंच. एकदा गुळाचा बडा व्यापारी चकचकीत बूट घालून रस उकळायच्या काहिलीपर्यंत आला.

"पावणं, बूट भाईर!"

"आक्का, मी हाय की. वळखलं न्हाय व्हय?"

"वळखलं म्हणून तर तोंडानं सांगतोय. ही खायाची जागा हाय, तुडवायची न्हाय."

व्यापारी निमूट मागं फिरला आणि मोजे पण काढून आला.

मी परभणीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर इकडं आलो. टोळी परत गेली, मी राहिलो. काहिलीखालच्या चुलवाणात चिपाड घालायचं काम मला गंगाक्कांनी दिलं. रस काढून झाल्यावर उसाचा जो चोथा उरतो ते चिपाड. ते अंगणभर पसरून वाळवायचं आणि त्याच्याच जाळावर पुढचा रस उकळायचा. पहिल्या दिवशी त्यांनी मला "तम्मा" म्हणून हाक मारली. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे मला नंतर कळलं. मला वाटलं होतं, माझं नाव त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

मला पळायचा नाद होता. गावोगावच्या जत्रेतल्या शर्यती मी पळायचो. अशाच एका शर्यतीत खेळाच्या एका सरांनी मला हेरलं. ग्रामीण खेळाडूंसाठी बर्फातल्या खेळांची राष्ट्रीय स्पर्धा उत्तरेत भरणार होती. त्यात पायाला जाळीच्या चौकटी बांधून बर्फावर पळायची एक शर्यत होती, आणि राज्याच्या संघात त्यासाठी कुणीच नव्हतं. सर म्हणाले, "चांगला पळलास तर तिथल्या शिबिरात कायमचं काम मिळतं." सर गेले आणि मला झोप लागेना. कायमचं काम हा शब्द आमच्या घरात तोवर कुणी वापरलाच नव्हता. पण बर्फ कुठून आणायचा?

गंगाक्कांनी सरांनी दिलेला त्या शर्यतीचा फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला. मग अंगणाकडं बोट केलं. "ह्यो काय बर्फ पडलाय की तुझ्याम्होरं. पाय रुततो, निसटतो. आणि काय पायजे?"

वाळत घातलेलं चिपाड खरोखरच गुडघाभर होतं, आणि उन्हात पांढरं दिसत होतं. त्यांनी बुरडाला बोलावून फोटो दाखवला आणि बांबूच्या दोन चौकटी विणून घेतल्या. मी त्या अनवाणी पायांना बांधून पळू लागलो, तेव्हा सगळं गाव बांधावर जमलं. दत्तूमामा आमचे गुळवे, गूळ शिजवण्यातले जाणकार. ते ओरडले, "आरं, पाखडायची सुपं पायाला बांधत्यात व्हय?"

गंगाक्का काठी घेऊन कडेला उभ्या. "गुडघा उचल, तम्मा! म्हशीवानी वढू नको!" सुरुवात करण्याआधी चिपाडाला हात लावून कपाळाला लावायचा, हा त्यांचा नियम. "ज्याच्यावर पाय देतोस त्याला आधी इचारावं," असं म्हणायच्या.

महिनाभरात वेगळंच झालं. माझ्या पायांखाली चिपाडाचा भुस्सा होऊ लागला. भुस्सा भक्कन पेटतो आणि विझतो, जाळ एकसारखा लागत नाही. चुलवाणाशी मीच असल्यानं ते सगळ्यांत आधी मला दिसलं. रसाची दोन-तीन आधणं बिघडली. गंगाक्कांचा गूळ म्हणजे पिवळाधमक, सौद्यात, म्हणजे गुळाच्या लिलावात, लोक त्यांच्या ढेपेची वाट बघायचे. त्या वर्षी ढेपा काळपट निघायला लागल्या.

दत्तूमामा तावातावानं आले. "आक्का, एक तर ह्याचं पळणं बंद करा, न्हायतर चिमूटभर पावडर टाकू द्या. रंग येतोय."

"पावडर माझ्या काहिलीत पडायची न्हाय."

"मग पळणं?"

"ते बी थांबायचं न्हाय. चिपाड माझं, तम्मा माझा. तुझं काय जातंय?"

मीच म्हणालो, "आक्का, मी नाही जात. राहू द्या."

त्या माझ्याकडं वळल्या. "गूळ काळा झाला तर काळा खाऊ. पुढच्या साली पिवळा करू. तुझी शर्यत पुढच्या साली हाय का?"

सौद्याच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. व्यापारी यायचे, ढेपेला बोट लावायचे आणि भाव न विचारताच पुढच्या थप्पीकडं जायचे. बूट काढून येणारा तो व्यापारीही तसाच गेला. गंगाक्का ताठ बसून होत्या. एरवी कमरेला खोचलेला पदर मात्र त्यांनी त्या दिवशी डोक्यावरून खाली येऊ दिला नाही.

स्पर्धेच्या ठिकाणी पोचलो. पहाटे पडलेल्या ताज्या बर्फानं सगळं मैदान पांढरंशुभ्र, स्वच्छ, कुणाचं पाऊल न लागलेलं. आमच्या शर्यतीची पाळी आली. मी कडेला गेलो आणि विचार न करता बूट काढले, मोजे काढले, वाकून बर्फाला हात लावला आणि कपाळाला लावला. एवढ्या स्वच्छ जागेत बूट घालून जायचं, हे माझ्या अंगातच नव्हतं. मागून हशा झाला. तेवढ्यात तयारीची शिट्टी झाली. ओल्या पायांवर घाईघाईनं मोजे आणि बूट चढवले, चौकटी बांधल्या आणि सुटलो. गुडघे उचलत होतो, पण बोटं बधिर झाली. वळणावर पाय आहेत की नाहीत तेच कळेना. पुढचे तिघे हाताच्या अंतरावर होते, शेवटपर्यंत तेवढंच अंतर राहिलं.

चौथा. पदक नाही. मी बर्फातच बसून रडलो. तेव्हा शिबिराचे एक वयस्कर प्रशिक्षक जवळ येऊन माझे पाय चोळू लागले. म्हणाले, बर्फाच्या पाया पडणारा मुलगा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि सुन्न पायांनी एवढे गुडघे उचलणाराही. काम त्यांनीच दिलं.

बूथवरून फोन लावला.

"कितवा आलास?"

"चौथा, आक्का."

"मग रडतोस कशाला? चौघांत आलास की. बर्फ कसा हाय रं?"

"साखरेसारखा."

"ए! माझ्याम्होरं साखरंचं नाव काढू नको!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या, की फोनमधून नुसती खरखर यायला लागली.

पुढच्या साली पिवळा करू, असं म्हणाल्या होत्या. ते पुढचं साल आलंच नाही. एकदा बाजारात नाव उतरलं ते चढलं नाही, मुलांनी जमीन प्लॉटिंगला दिली आणि गंगाक्का शहरात, राजारामपुरीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. इथला बर्फाचा हंगाम आणि गुऱ्हाळाचा हंगाम एकच, त्यामुळं मला जायला मिळालं ते उन्हाळ्यात. दारात बूट काढले. त्या गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. आवाज बारीक झालेला.

"तम्मा, तिकडं पोरांना शिकवतोस म्हणं. पळायच्या आधी हात लावायला सांगतोस न्हवं?"

"सांगतो, आक्का. बूट मात्र काढू देत नाही."

त्या हसल्या. मग खाली रस्त्यावरच्या रिक्षांकडं बघत म्हणाल्या, "त्या सालचा गूळ चवीला बेस होता बघ. कुणी खाऊनच बघितला न्हाय."

त्यांना बर्फ दाखवायला इथं घेऊन यावं म्हटलं, तर डॉक्टर एवढ्या उंचावर नको म्हणतात. तिकडचा फोन आला की उचलायच्या आधी मी त्यांचं वय मोजतो.

म्हणून ठरवलंय, आक्का. एका हिवाळ्यात इथला हंगाम सोडून येईन. गावाकडचं एखादं चालतं गुऱ्हाळ बघून, न तुडवलेल्या, कडकडीत वाळलेल्या चिपाडावर एक आधण लावीन. दत्तूमामांना हाताला धरून आणीन. पावडर नाही. तुम्हाला काहिलीजवळ बसवीन, आणि पिवळीधमक ढेप तुमच्या नावानं सौद्यात उभी करीन. तेवढं थांबा, आक्का.