शेवटच्या बाकावरची सुली

आमच्या बी.एड. कॉलेजात आजवर जेवढे भावी शिक्षक येऊन गेले, त्या सगळ्यांत हुशार निपाणीची आक्का होती आणि सगळ्यांत ढ विद्यार्थिनीही आक्काच होती, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल, हिचं डोकं फिरलंय. फिरलंच होतं. आक्काच्या शेजारी बसून ज्यानं बी.एड. केलं त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं असेल तर त्यानं मला येऊन भेटावं.

आम्ही सगळे विशी-बाविशीतले आणि आक्का चाळिशी ओलांडलेली. रोज सकाळी निपाणीहून बस पकडून ती बेळगावला यायची, आणि येता येता निम्मी शाळा बसमध्येच भरवायची. कुणी वाकडं बसलेलं तिला खपत नसे. एकदा तिनं कंडक्टरला सांगितलं, ‘‘हात मागं बांधून सरळ उभारा बघू!’’ आणि तो बिचारा खरंच उभारला. संकेश्वर येईपर्यंत कुणाला तिकीट मिळालं नाही. दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका ती मराठी-कानडी असा भेदभाव न करता आत जाऊन सांगायची, आणि दुकानदार वैतागण्याऐवजी तिला चहा पाजायचे. प्राचार्य तिच्याहून वयानं मोठे, पण एकदा भर सभेत त्यांच्याही तोंडून ‘‘आक्का, तुमचं काय मत?’’ असं निघून गेलं.

तिची तळमळ मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. निपाणीच्या एका खाजगी हायस्कुलात ती कितीतरी वर्षं शिकवत होती, पण बी.एड.शिवाय. आता संस्थेनं स्पष्ट सांगितलं होतं, औंदा बी.एड. पास व्हा, नाहीतर घरी बसा. त्याआधी एकदा ती वार्षिक पाठात, म्हणजे बाहेरच्या परीक्षकासमोर घ्यायच्या तासात, नापास झाली होती. एवढी शिकवण्यात मुरलेली बाई आणि पाठात नापास! मला तर हे आधी खरंच वाटेना.

ज्यांनी बी.एड. केलेलं नाही त्यांना सांगते. खऱ्या वर्गावर सोडायच्या आधी आम्हाला एकमेकांवरच सराव करायला लावतात. एकजण बाई किंवा सर होऊन फळ्यापुढं उभा राहतो आणि बाकीचे घोडे आठवीची मुलं होऊन बाकावर बसतात. आमची आठवी म्हणजे काय विचारता! कुणी काय विचारायचं, कुणी काय सांगायचं, हे आधीच कॅन्टीनमध्ये ठरलेलं. प्रश्न अर्धा विचारून होतोय तोवर दहा हात वर. अशी गुणी मुलं मला पुढं नोकरीत एकदाही भेटली नाहीत.

या सगळ्या नाटकात आक्का तेवढी बसत नसे. ती शेवटच्या बाकावर कोपऱ्यात जाऊन मान खाली घालायची. प्रश्न विचारला की सावकाश उठायची, आणि बारीक, झोपेतून उठल्यासारख्या आवाजात म्हणायची, ‘‘बाई, मला येत न्हाय.’’ तो आवाज दहा-बारा वर्षांच्या पोरीचा होता. पहिल्यांदा आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा मी मागं वळून पाहिलं आणि माझं हसू तिथंच थांबलं. बाकाखाली आक्काची बोटं भराभर चालत होती, काहीतरी गुंडाळत, दुमडत, परत गुंडाळत. आणि वर्गात कच्च्या तंबाखूचा वास सुटला होता. एरवी आक्काच्या अंगाला खोबरेल तेलाशिवाय कसला वास यायचा नाही. तास संपल्यावर मी म्हटलं, ‘‘आक्का, भारी नकला करतीस की गं!’’ तर ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, ‘‘कुणाच्या? मी बसून ऐकालतो की.’’ निपाणीकडच्या बायका स्वतःबद्दलही ‘ऐकतो, बघतो’ असंच बोलतात.

मी उचगावची. भुताखेतांना घाबरायला आमच्या घरात कुणाला सवडच नव्हती. मी तिला चहाच्या टपरीवर नेऊन बसवलं आणि म्हटलं, ‘‘सांग आता खरं.’’ तिनं अगदी सरळ सांगितलं. निपाणीत शाळेत असताना तिच्या शेजारी सुली नावाची मुलगी बसायची. सुली पहाटे उठून आईबरोबर बिड्या वळायची आणि शाळेत येऊन पेंगायची. एकदा बाईंनी तिला उठवून विचारलं, सूर्य कुठं उगवतो? सुलीला कळेचना आपण कुठं आहोत. सगळा वर्ग खदाखदा हसला. सुली खाली बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत आलीच नाही. त्या पावसाळ्यात तापानं गेली. ‘‘ती आजारी असताना मी तिला बघायला गेलतो,’’ आक्का म्हणाली. ‘‘तिला सांगितलं, मी बाई झालो की पयला सोपा प्रश्न तुलाच इचारीन. ती हासली. व्हय म्हटली.’’ मग चहा संपवून तिनं कप धुऊन ठेवला, जसं काही बसची वेळ सांगितली असावी.

त्यानंतर आठवडाभरात रस्त्यावर कसलंसं आंदोलन होतं आणि निपाणीची बस आली नाही. आक्का नव्हती. नेमका त्या दिवशी माझा पाठ. मी प्रश्न विचारले, दहा हात वर झाले, सगळं ठरल्याप्रमाणं. आणि सवयीनं मी बोट केलं शेवटच्या बाकाकडं. बाक रिकामा. पण तंबाखूचा वास असा दाटून आला की पुढच्या बाकावरच्या पोरीनं नाकाला ओढणी लावली. सगळ्यांच्या माना मागं वळल्या. कुणी म्हणजे कुणी हसलं नाही. भर दुपारी, पंखा चालू असताना, माझ्या अंगावर काटा आला. काय करावं सुचेना, तेव्हा मी म्हटलं, ‘‘बस खाली,’’ आणि पुढं गेले. वास हळूहळू गेला. त्या पाठात मला चांगले गुण पडले, पण त्याचा आनंद काही झाला नाही.

आता आक्का पहिल्यांदा नापास का झाली तेही तिच्याकडूनच कळलं. वार्षिक पाठात तिनं पहिला प्रश्न शेवटच्या बाकाला विचारला आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. तास संपल्याची घंटा झाली तरी उभीच! मी तिला हात जोडले. ‘‘आक्का, नोकरी जाईल गं. उत्तर न्हाय आलं तर दुसऱ्या कुणाला तरी विचार आणि पुढं जा.’’ ती म्हणाली, ‘‘एकदा सगळी तिला सोडून पुढं गेल्यात. मी बी जाऊ व्हय?’’

वार्षिक पाठाच्या दिवशी खरी शाळा, खरी आठवी. आक्काचा विषय होता नकाशा आणि दिशा. नकाशा अडकवायला म्हणून मी दाराशी उभी होते. बाहेरून आलेले परीक्षक धारवाडकडचे, कडक, जाड भिंगाचा चष्मा. ‘‘हां, चालू करा री बाई,’’ असं म्हणून ते मागं जाऊन बसले. परीक्षक मागंच बसतात. पण ते बसले ते नेमके शेवटच्या बाकावर, कोपऱ्यात.

आक्का हसतमुखानं उभी राहिली. पोरांकडं बघितलं. मग मागं बघून अगदी मायेनं विचारलं, ‘‘सांग बघू, सूर्य कुठं उगवतो?’’

पोरं मागं वळून परीक्षकांकडं बघायला लागली. आक्का थांबली. मी मनातल्या मनात म्हणत होते, आक्का, सोड गं, पुढं जा, तुझ्या पाया पडते. आणि तो वास आला. परीक्षकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांची बोटं बाकाखाली गेली. मान खाली घालून ते सावकाश उठले, हाताची घडी घातली, आणि त्या जाड भिंगाच्या, धारवाडच्या माणसाच्या तोंडून ती बारीक पोर बोलली, ‘‘पूर्वंला, बाई. मी रोज बघतो की.’’

‘‘शाब्बास,’’ आक्का म्हणाली. ‘‘बस खाली.’’

परीक्षक बसले. पोरांना वाटलं, सर गंमत करतायत, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यापुढं आक्कानं जो तास घेतला तसा मी आजवर ऐकलेला नाही. तास संपल्यावर परीक्षक बाहेर आले आणि स्वतःच्या बोटांचा वास घेत मला म्हणाले, ‘‘इथं कोण बिडी वळतात काय री? वास यायलाय.’’ मी म्हटलं, ‘‘नाही सर.’’

आक्का पास झाली. आम्ही पेढे आणले, आणि ही बया कोपऱ्यात बसून ढसाढसा रडत होती. ‘‘पास सुली झाली गं,’’ म्हणाली. ‘‘आता ती कशाला येतीया माझ्या वर्गात?’’

गेल्या महिन्यात निपाणीला गेले होते. आक्काच्या वर्गात मागं जाऊन बसले. तिथं आता दाटीवाटीनं पोरं बसतात. तास सुरू झाला, आणि तिनं शेवटच्या बाकाकडं बघून विचारलं, ‘‘सूर्य कुठं उगवतो?’’ पोरांनी एका सुरात ओरडून सांगितलं. ती ‘‘बरोबर’’ म्हणाली, आणि तरी क्षणभर तशीच उभी राहिली. मला ते बघवेना. मी उठले, हाताची घडी घातली, मान खाली घातली आणि म्हटलं, ‘‘पूर्वंला, बाई. मी रोज बघतो की.’’ पण आवाज माझाच आला.

आक्का माझ्याकडं बघून हसली. ‘‘बस खाली, बाळ,’’ म्हणाली, ‘‘तू न्हवंस ती.’’