सुकटीची पुडी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, मस्कतला जिच्यासोबत रोज डबा खाल्ला त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर — तर दुसरी गोष्ट सांगितली असती. ती माझ्याकडे तयार असते. लोकांना आवडते.

आधी ती तयार गोष्टच ऐका. २०१५ साली मी मस्कतच्या एका भारतीय शाळेत सातवीला सायन्स शिकवायला लागले. सातवीचा वर्ग म्हणजे काय, हे ज्यांनी शिकवलंय त्यांना माहीत आहे. आवाज फुटलेले मुलगे, खांदे पाडून चालणाऱ्या मुली, आणि प्रत्येकाला वाटत असतं की सगळं जग आपल्याकडेच बघतंय. एकदा मधल्या सुट्टीत एका मुलीने डबा उघडला. आत तळलेली मासळी होती. वर्गाने नाकं धरली, मुलीने डबा मिटला. मी म्हटलं, थांबा. मी तुमच्याएवढी होते तेव्हा माझ्या दप्तरात सुकट सापडली होती, म्हणजे वाळवलेला बारीक जवळा, तीही शाळेत पूजा चालू असताना. ती माझी नव्हती. कोणीतरी टाकली होती. त्या दिवसापासून शाळा मला 'सुकट' म्हणायला लागली.

नाकावरचे हात खाली आले. दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी त्या मुलीच्या शेजारी जेवायला बसल्या. मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. मग दरवर्षी नवा वर्ग आला की मी ही गोष्ट सांगू लागले. मुलं मला कार्डं द्यायची, आया भेटायला येऊन डोळे पुसायच्या.

गोष्ट खरी आहे. फक्त ती माझी नाही. ती जनीची आहे.

जनी रानशेतची. आईबाप चिकूच्या वाड्यांमध्ये मजुरीला जायचे. मी आशागडची. आम्ही दोघी डहाणूला शाळेत यायचो. सातवीत मी ताडमाड वाढले होते, अंगावर थोरल्या बहिणीचा ढगळ युनिफॉर्म, कपाळावर मुरमं. घामाला वास यायला लागला होता, आणि तो मला एकटीलाच येतो की सगळ्यांना, हे विचारायची सोय नव्हती. म्हणून मानेला इतकी पावडर थापायचे की गिरणीतून आल्यासारखी दिसायचे. वर्गात पहिल्यांदा पाळी आली तेव्हा जनी माझ्या पाठीला पाठ लावल्यासारखी चालत फाटकापर्यंत आली, डाग कोणाला दिसू नये म्हणून. नंतर कोणाला एका शब्दाने बोलली नाही. हे का सांगतेय? कारण ती माझी वैरीण होती असं तुम्हाला वाटायला नको.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे शाळेत सरस्वतीपूजन. सगळ्यांची दप्तरं तसबिरीपुढे रचायची, त्यांना हळदकुंकू, फूल. रचायचं काम मॉनिटरचं — मॉनिटर मी. त्या सकाळी आईने सुकटीची एक पुडी माझ्या दप्तरात घातली होती. नवरात्रात घरात मासळी नाही. नवरात्र सुटलं की मावशीकडे पहिलं कालवण सुकटीचंच व्हायचं. शाळा सुटल्यावर तिला देऊन ये, म्हणाली. बाई उदबत्ती लावत होत्या आणि उदबत्तीच्याही वर तो वास यायला लागला. पहिल्यांदा मलाच आला. कसा नाही येणार?

खिडकी हाताशी होती. पुडी बाहेर टाकता आली असती. बाईंना सांगितलंही असतं तर त्या फार तर रागावल्या असत्या. मी फुलं नीट करायच्या निमित्ताने वाकले आणि पुडी जनीच्या दप्तरात सरकवली. जवळचं दप्तर ते होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. नाही. जवळची आणखीही होती. जनीचं नाव आलं तर कोणाला नवल वाटणार नाही, हे मला बरोब्बर कळत होतं.

बाईंनी वासामागे जाऊन दप्तर उघडलं. जनी म्हणाली, "माझी नाय, बाई." एकदाच म्हणाली. मग आमच्या सगळ्यांकडे बघत राहिली. तिचं दप्तर व्हरांड्यात ठेवलं, पुस्तकांना फूल मिळालं नाही. शाळा सुटेपर्यंत नाव पडलं होतं. आठवीला ती आली नाही. आईला मी सांगितलं, पुडी मांजराने नेली.

२०१८ च्या डिसेंबरात सुट्टीवर आले होते. तलासरीहून काळी-पिवळीने घरी निघाले, तर विवळवेढ्याला देवीचं दर्शन घेऊन एक बाई पोरीसकट चढली आणि मला चिकटून बसली.

"वळखलं नाय काय? मी सुकट!"

आणि हसली. आता सगळे त्याच नावाने हाक मारतात, म्हणाली. सासरीसुद्धा. "माझा नवराबी. माझं खरं नाव शेजारणीला ठावं नाय." मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हिलाबी शाळेत सुकटीची पोर बोलतात. सातवीत हाय. आता जायला नको बोलते."

पोर खिडकीबाहेर बघत होती.

"तू तर मॉनिटर होतीस," जनी म्हणाली. "तुला ठावं असंल. कोणी टाकली गं माझ्या दप्तरात? ही रोज इचारते. आईशप्पथ, माझी नव्हती."

पोरीने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. तिला उत्तर हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. ती आईचा हात धरून शाळेत गेली असती की नाही, मला माहीत नाही, पण आईने चोरून काही आणलं नव्हतं एवढं तरी तिला कळलं असतं.

"नाही गं," मी म्हटलं. "आता कुठे आठवतंय."

"जाऊं दे," जनी म्हणाली. रानशेतला दोघी उतरल्या. मी आशागडपर्यंत एकटीच मागच्या सीटवर होते.

जानेवारीत मस्कतला परतले. प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर गोष्ट सांगायची, असं मुख्याध्यापिकांनी आधीच ठरवलं होतं. मी सांगितली. या वेळी शेवटी एक नवं वाक्य घातलं — माझ्या गावाकडे आजही मला सगळे सुकटच म्हणतात, माझं खरं नाव शेजारणीलाही ठाऊक नाही. पुढच्या रांगेतल्या मुली रडल्या. खूप टाळ्या पडल्या, आणि त्या थांबेपर्यंत मी मान खाली घालून उभी राहिले, जनी उभी राहिली असती तशी.