दुसऱ्या हाताचं सारवण

चंपतराव लांजेवार जमादारांना नागपुरात लोक ‘बोटवाले जमादार’ म्हणत. इतवारीत कुठे कुलूप फुटलं की ते आपली पत्र्याची पेटी घेऊन हजर. पेटीत काळी पूड, पांढरी पूड, एक मऊ कुंचला आणि एक भिंग. काचेवर, पेल्यावर, तिजोरीच्या दांड्यावर ते हलक्या हातानं पूड फिरवत आणि चोराचा ठसा वर येई. वीस वर्षं त्यांनी हेच केलं. मग १९७२ साली एका ठशानं त्यांचाच घात केला. चोरीच्या घरातल्या आरशावर एका बड्या असामीच्या पुतण्याचा अंगठा निघाला. मोठ्या साहेबांनी दोनदा विचारलं, “नक्की का?” चंपतराव दोन्ही वेळा “नक्की” म्हणाले. महिन्याभरात त्यांची बदली झाली, चाळीस मैलांवरच्या पिंपळडोहच्या पोलीस चौकीत.

चौकी म्हणजे एक खोली, एक पडवी आणि एक शिपाई. बायको इंदूबाई आणि लग्नाची मुलगी जया नागपुरातच, नंदनवनातल्या दोन खोल्यांत राहत. इंदूबाईंचं पत्र दर आठवड्याला येई. त्यात जयाला पाहायला येणाऱ्यांचा मजकूर असे आणि शेवटी एकच ओळ, ‘बदलीचं काय झालं?’ चंपतरावांनी दोन हिवाळे पातळ चादरीवर काढले होते. घरून जाड पांघरूण मागवलं तर आपण इथेच राहायचं ठरवलं असं होईल, असं त्यांना वाटे. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. गुडघे दुखत होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी रुपराव पाटील चौकीत आले. आजोबांच्या वेळच्या चांदीच्या चार शेंब्या, बैलांच्या शिंगांवर चढवायच्या, रात्रीतून चोरीला गेल्या होत्या. पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी जायची ती या शेंब्या घातलेली, हा त्यांच्या घराण्याचा मान. संशय घरच्या सालदार गड्यावर, लहानूवर. रुपरावांनी डाव्या हातानं भर्रकन तक्रारीवर सही ठोकली.

चंपतराव पेटी घेऊन त्यांच्या घरी पोचले. शेंब्या धान्याच्या कोठीच्या खोलीत, पितळी डब्यात असत. खोलीत पाऊल टाकताच त्यांच्या नाकात शेणाचा ओला वास शिरला. भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत सगळी जमीन ताजी सारवलेली. डबा सोन्यासारखा चमकत होता.

“कोणी सारवलं हे?”

“मीनं,” रुपरावांची म्हातारी आई भागीरथाबाई कौतुकानं म्हणाली.

“काहून?”

“काहून म्हंजे? साहेब येऊन राहिले, सारवून घे, असं रुपरावनं सांगतलं. सरकारी मानसाले का धुळीत बसवाव?”

“आन् डबा?”

“चिंचेनं घासला. कसा चमकून राहिला पाहा!”

चंपतरावांनी पेटी उघडलीच नाही. पावलं सारवणाखाली गेली होती, बोटं चिंचेच्या पाण्यात. नागपुरात चोर पुरावा पुसत. इथे पाहुणचारानं पुसला होता.

रुपराव त्यांना अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेले. “लहानूच हाये साहेब. कबुली घ्या आन् कागद करून टाका. माझे मामेसासरे तुमच्या मोठ्या साहेबाकडं उठबस करतात. पोळा झाला की तुमची बदली. दिवाळीले घरी राहान.”

दिवाळीला घरी. चंपतराव चौकीकडे परतताना वाटेत दोनदा थांबले. गुडघ्यांमुळे थांबलो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

शिपायानं लहानूला पडवीत बसवून ठेवलं होतं. तिशीतला सडपातळ गडी. तो हात जोडून म्हणाला, “साहेब, मले मारा, पण संध्याकाळच्या आत मारून घ्या.”

“काहून गा? संध्याकाळी कुठं जाचं हाये तुले?”

“आज खांदशेकणी. बैलाइच्या खांद्याले तूप-हळद लावा लागते. मंग कानात आवतण द्या लागते, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या म्हून. सात वर्सं झाले, मीच देतो. मी नाई गेलो त बैलं उपाशी राहातीन.”

“शेंब्या कुठं हायेत ते सांग आन् जाय.”

“मले ठावूक असतं त आतापावतर बापूजीच्या घरी नेऊन नसत्या देल्या का? औंदा बारी त्याइची.”

चंपतरावांनी मान वर केली. “कशाची बारी?”

रुपरावांनी सांगितलं नव्हतं ते लहानूनं सांगितलं. रुपरावांचा धाकटा भाऊ बापूजी चैत्रात वेगळा निघाला होता. शेंब्या कशा वाटायच्या म्हणून पंचांनी ठरवलं की एका पोळ्याला थोरल्याची जोडी मिरवेल, दुसऱ्याला धाकट्याची. पहिली पाळी बापूजीची, उद्याच.

टेबलावर कागद कोरा पडला होता. चार ओळी, लहानूचा अंगठा आणि दिवाळीला नंदनवन. चंपतरावांनी तो कोराच दौतीखाली सारला. मग कंटाळलेल्या माणसासारखे उठले आणि उन्हात पुन्हा पाटलाच्या घरी गेले.

दुपारपर्यंत सारवण वाळलं होतं. खिडकीतून तिरपं ऊन जमिनीवर पडलं होतं आणि सारवताना उमटलेल्या बोटांच्या कमानी उठून दिसत होत्या. एकीला लागून एक, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या, सारख्या दाबाच्या. चंपतराव उकिडवे बसले. वीस वर्षं त्यांनी बोटावरच्या रेषा वाचल्या होत्या. आता हाताएवढ्या रेषा समोर होत्या. कोठीमागच्या कोपऱ्यात मात्र कमानी उलट्या बाजूला वळत होत्या. बोटं फाकलेली, थर जाड, मधे गोळे.

“माय, हे सारं तुमच्याच हातचं का?”

भागीरथाबाई वाकली. “हा कोपरा माझा नाई. सकाळी मी आली त ओलाच होता. मले वाटलं सुनंनं...” ती थांबली. “सून त माहेरी हाये.”

“बाईचा हात असा पडते का?”

दारात रुपराव येऊन उभे होते. उजव्या तळव्यावर तंबाखू घेऊन ते डाव्या अंगठ्यानं मळत होते. म्हातारीनं त्या अंगठ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे. ती स्वयंपाकघरात गेली आणि खुरपं घेऊन आली.

“माय, तू आत जाय,” रुपराव म्हणाले.

“हा कोपरा खना साहेब,” ती म्हणाली. “लहानू सकाळपासून उपाशी हाये.”

वीतभर खाली पोत्याचा तुकडा लागला. त्यात चार शेंब्या.

रुपराव भिंतीला टेकले. “आजाच्या हायेत साहेब. बापूजीच्या बैलावर पाहावल्या नसत्या गेल्या.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “लहानूच्या खोपटात भेटल्या असं लिहा. नाई त नागपूर विसरा.”

‘नक्की का?’ मोठ्या साहेबांचा तो जुना प्रश्न चंपतरावांच्या कानात आला. समोर उलट्या कमानी स्वच्छ दिसत होत्या. या वेळी भिंगाचीही गरज नव्हती.

“दोन पंच बोलवा,” ते म्हणाले. “जिथं भेटल्या तिथंच लिहीन.”

पंचनाम्यावर रुपरावांनी डाव्या हातानं सावकाश सही केली. शेंब्या बापूजीच्या हवाली करून, पावती घेऊन चंपतराव चौकीत आले आणि लहानूला सोडलं. तो पळतच निघाला.

“काय गा, त्याच्याच गोठ्यात चालला?”

“बैलाइनं काय केलं साहेब?” लहानू पळता पळता म्हणाला.

दिवेलागणीला पाटलाच्या गोठ्याकडून घंटांचा आवाज आला. चंपतरावांनी पोस्टकार्ड घेतलं. बदलीची ओळ टाळता येईना, म्हणून ती आधीच लिहून टाकली, ‘बदलीचं यंदा जमत नाही.’ मग लिहिलं, ‘जयाच्या पाहुण्यांना दिवाळीनंतर बोलाव. मी रजा काढून येईन.’ कार्डावर थोडी जागा उरली होती. त्यांनी लेखणी पुन्हा दौतीत बुडवली.

‘कोणी इकडे येणार असेल तर त्याच्याजवळ माझं जाड पांघरूण पाठव. इथे थंडी लवकर पडते.’